कारागीर परदेशी जातो. परतल्यावर त्याला जागा कोठे?

कागलजवळच्या लक्ष्मी टेकडीवरून पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत उतरले की कारखान्यांच्या फाटकांवर ‘पाहिजेत’ असे फलक दिसतात. मोल्डर पाहिजेत, सीएनसी ऑपरेटर पाहिजेत, वेल्डर पाहिजेत, फिटर पाहिजेत. कारखानदार सांगतो, माणसे मिळत नाहीत. कागल, हुपरी, कसबा सांगाव या भागातला तरुण सांगतो, धड काम मिळत नाही. दोघेही खोटे बोलत नाहीत. या दोन तक्रारींच्या मधल्या फटीतून आपले हुन्नरी लोक दुबई, दोहा, दम्मामकडे निघून जातात. फट का पडली आणि ती कोणी बुजवायची, हा आजचा प्रश्न आहे. आमचे वाचक बहुतांशी छोटे व्यापारी आणि कारागीर असल्याने हा प्रश्न त्यांच्या दाराशीच उभा आहे.

कोल्हापूरचे यंत्रोद्योग कारागिरांच्या हातातून उभे राहिले, हे आधी ध्यानात घ्यावे. ऑइल इंजिन बनविणारे म्हादबा मेस्त्री कोणत्याही इंजिनिअरिंग कॉलेजात गेले नव्हते. ऊस गाळण्याचे चरक, पंप, इंजिने दुरुस्त करता करता येथे ओतकामाची विद्या वाढली. उद्यमनगरातून ती शिरोलीला गेली, तेथून गोकुळ शिरगावला आणि नंतर कागल-हातकणंगले वसाहतीत आली. आज जिल्ह्यात सुमारे तीनशे फौंड्र्या आहेत. मोटारी, ट्रॅक्टर, पंप, व्हॉल्व्ह यांचे सुटे भाग येथून देशभर आणि परदेशात जातात. किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारखा मोठा कारखाना कागलच्या वसाहतीत आहे. पण मोठ्या कारखान्याभोवती जॉबवर्क करणाऱ्या छोट्या शेडचे जाळे असते. टर्निंग, वेल्डिंग, फॅब्रिकेशन, फेटलिंग, पॅटर्न, पेंटिंग अशी कामे तेथे होतात. आपल्या समाजातील बरीच मंडळी याच शेडमध्ये आहेत, कोणी मालक म्हणून, कोणी मिस्त्री म्हणून, कोणी हाताखालचा पोऱ्या म्हणून. सबब कारागीर गेल्याचा पहिला धक्का मोठ्या कारखान्याला बसत नाही. तो या शेडला बसतो.

जाण्यामागची कारणे

पहिले कारण पैसा, हे कोणी सांगायला नको. पण त्या पैशाचा हिशेब नीट मांडायला हवा. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरशी ३.७५ या दराने बांधलेला आहे. १९९१ च्या अवमूल्यनापूर्वी डॉलर साधारण २१ रुपयांना होता, म्हणजे रियाल साडेपाच-पावणेसहा रुपयांना. २०२४ मध्ये डॉलर ८४ रुपयांच्या आसपास गेला, म्हणजे रियाल २२ रुपयांच्या वर. हजार रियाल घरी पाठविणाऱ्याच्या रुपयांची संख्या चौपट झाली ती बहुतांशी रुपया घसरल्यामुळे. रियालमधला पगार त्या मानाने फारसा हललेला नाही, आणि येथे तेल, डाळ, सिमेंट, शाळेची फी यांनी मधल्या काळात चौपटीहून मोठी उडी घेतली. तरीही महिन्याच्या शेवटी एकरकमी दिसणारा आकडा मोठा असतो आणि बहिणीचे लग्न, वडिलांचे आजारपण, डोक्यावरचे कर्ज यांना एकरकमी पैसाच लागतो. येथला पगार आठवड्याच्या बाजारात संपतो. म्हणून तरुण जातो, आणि त्यात त्याचे काही चुकते असे आम्हाला वाटत नाही.

दुसरे कारण आपल्या घरचे आहे. वर्षानुवर्षे तेच मशीन चालविणारा माणूस ठेकेदाराच्या हजेरीवर असतो. भविष्य निर्वाह निधीचा कायदा वीस कामगारांपासून लागू होतो, म्हणून काही ठिकाणी एकाच छपराखाली दोन-तीन नावांनी हजेरीपट ठेवले जातात आणि एकाही पटावर वीस माणसे भरत नाहीत. जादा तासांना दुप्पट दर देण्याची तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यापासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही ती कायम आहे, आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे आता बंधनकारक आहे. प्रत्यक्षात जादा तासांना साधाच दर लावणारे आणि नेमणूकपत्राचे नाव काढले की कपाळाला आठ्या घालणारे मालक कमी नाहीत. आखातात उन्हातान्हात काम करावे लागते, परंतु करारावर सही असते, पगार बँकेत जमा होतो आणि काम सोडताना कायद्याने रक्कम मिळते. सौदी कायद्यानुसार पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी अर्ध्या महिन्याचा आणि पुढील प्रत्येक वर्षाला पूर्ण महिन्याचा पगार असा तो हिशेब आहे. परक्या मुलखात जे कागदावर मिळते ते आपल्या माणसाकडून मिळत नाही, ही बोच पगाराच्या आकड्याइतकीच माणसाला घराबाहेर काढते.

तिसरे कारण, हुन्नराला येथे नाव नाही. मूठभर वाळू दाबून तिच्यातली ओल सांगणारा मोल्डर, भट्टीतल्या रसाचा रंग पाहून ओतण्याची वेळ ओळखणारा मिस्त्री हा कागदोपत्री ‘हेल्पर’ असतो. तोच माणूस मुंबईत एजंटाकडे ट्रेड टेस्ट देतो तेव्हा प्रथमच कोणीतरी त्याचे काम मोजते. तिरक्या बसविलेल्या पाइपला चोहोबाजूंनी वेल्ड करण्याची परीक्षा, जिला या धंद्यात ‘सिक्स-जी’ म्हणतात, ती उत्तीर्ण झालेला वेल्डर तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कामांना हवा असतो. आपल्या शेडमध्ये तो दहा वर्षे ग्रिल आणि गेट बनवीत होता. त्याच्या हातात काय आहे हे त्याच्या मालकाने कधी विचारलेच नव्हते.

चौथे कारण वाट मळलेली असणे. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि आखातात बांधकामांचा पूर आला, तेव्हा रत्नागिरी-रायगडची मुस्लिम गावे आघाडीवर होती, कारण बोटीवरच्या नोकरीची आणि परमुलखाची सवय त्यांना आधीपासून होती. घाटावरची माणसे मागून गेली. एक गेला की तो मेव्हण्याला बोलावतो, मेव्हणा शेजाऱ्याला. आता तर नव्या वाटा उघडत आहेत. जपानशी कुशल कामगारांबाबत जानेवारी २०२१ मध्ये करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ देण्याचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा २० हजारांवरून ९० हजार केली. म्हणजे कालपर्यंत वेल्डर आणि पाइप फिटर जात होते, उद्या सीएनसी सेटर आणि टूलरूमचा मिस्त्रीही जाईल.

येथे एक गोष्ट रोखठोक सांगणे भाग आहे. २०१३ च्या सुमारास महाराष्ट्रातील वीजदर परवडत नाहीत म्हणून कोल्हापूरच्या उद्योजकांनी कर्नाटकात स्थलांतर करण्याची भाषा केली होती. कागलपासून कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. त्या वेळी उद्योजकांना कोणी कृतघ्न म्हटले नाही. धंदा परवडला पाहिजे, असेच सर्वांनी म्हटले. मग युनिटमागे रुपया वाचतो म्हणून कारखाना हद्दीपलीकडे नेण्याचा विचार व्यवहार ठरतो, आणि मुलाबाळांसाठी कारागीर समुद्रापलीकडे गेला की ‘शिकवले आम्ही, पळाला तो’ अशी ओरड होते, हा न्याय एकतर्फी आहे.

मागे काय उरते

कारागीर गेल्याने होणारे नुकसान मात्र खोटे नाही. फौंड्रीत जुना मोल्डर गेला की पहिल्या महिन्यातच सदोष नगांची संख्या वाढते. लोखंड वितळविण्याची वीज तितकीच जळते, वाळू तितकीच लागते, नग मात्र भंगारात जातो आणि तो पुन्हा वितळवावा लागतो. छोट्या शेडचा नफा मुळात बेताचा असतो. दोन लॉट परत आले की महिना तोट्यात जातो. याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. उस्तादाच्या हाताखाली दोन पोरे शिकत असतात. उस्ताद गेला की त्यांचे शिक्षण अर्धवट राहते आणि अर्धवट शिकलेला पोऱ्या पुढे अर्धवटच शिकवतो. असे दोन पिढ्या चालले तर शेड राहील, मशीन राहील, पण कसब राहणार नाही.

रिकामी जागा बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातील कामगार भरून काढतात. त्यांच्याशिवाय आज कोल्हापूरच्या फौंड्र्या चालणार नाहीत, हे २०२० च्या टाळेबंदीत ते गावी परतले तेव्हा सर्वांनी पाहिले. पण त्यांच्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो? वसाहतीलगतच्या एखाद्या खोलीत आठ-आठ जण राहणारा बिहारी मोल्डर आणि दम्मामच्या कॅम्पातल्या दुमजली खाटेवर झोपणारा कागलचा वेल्डर यांची गोष्ट एकच आहे. दोघांनीही घर सोडले ते घराच्याच काळजीने. तेथे आपल्या मुलाला माणसासारखे वागवावे असे वाटत असेल, तर येथे दुसऱ्याच्या मुलाला तसे वागवले पाहिजे.

जाणाऱ्याच्या घरची किंमत वेगळीच असते. सौदी सरकारने जुलै २०१७ पासून कुटुंबातील प्रत्येक अवलंबितामागे महिना १०० रियाल कर लावला आणि तो दर वर्षी वाढवीत २०२० मध्ये ४०० रियालवर नेला. बायको आणि दोन मुले सोबत ठेवायची तर महिना १,२०० रियाल नुसता कर. वेल्डर-फिटरच्या पगारात हे बसत नाही. म्हणून बायको येथे, मुले येथे, आईवडील येथे आणि मिळवता तेथे. मुलांच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत सर्व धावपळ एकटी बाई करते. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीय दगावले. ज्यांच्या घरी ती बातमी आली त्यांना रियाल-दिनारचा भाव सांगून काय उपयोग?

पैसा येतो हेही तितकेच खरे. २०२४ मध्ये अनिवासी भारतीयांनी मायदेशी सुमारे १२९ अब्ज डॉलर पाठविले; जगात हा आकडा सर्वांत मोठा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे केरळच्याही किंचित पुढे होता. यात संगणकवाले आणि मोठ्या पगाराचे लोक बरेच आहेत, हे गृहीत धरले पाहिजे. त्याच पाहणीत आखाती देशांचा वाटा, जो २०१६-१७ मध्ये सुमारे ४७ टक्के होता, तो ३८ टक्क्यांवर आलेला दिसतो. याचा अर्थ मोठा पैसा आता डिग्रीवाल्यांकडून येतो आहे. हातावर पोट असलेल्या कारागिराच्या आखाती कमाईवर कायमची भिस्त ठेवता येणार नाही.

परतण्याचे कोडे

आमच्या मते खरा तोटा कारागीर जातो तेव्हा होत नाही. तो परततो तेव्हा होतो. आखातात कामगाराला नागरिकत्व नाही, म्हातारपण काढता येत नाही. पंचेचाळीस-पन्नाशीला तो परतणारच. येताना तो काय आणतो? थोडा पैसा, आणि पुष्कळशी नवी विद्या. सुरक्षिततेची शिस्त, नकाशा वाचण्याची सवय, नवी वेल्डिंग यंत्रे, तपासणीच्या पद्धती, चार देशांच्या माणसांबरोबर काम करण्याचा अनुभव. ही विद्या आपल्या शेडला सोन्याच्या भावाने विकत घ्यावी लागली असती. आणि आपण काय करतो? तो जुन्या शेडमध्ये जातो तर पूर्वीचीच हजेरी मिळते. मालक म्हणतो, तुला इतके देणे परवडत नाही. मग तो एक स्लॅब जास्त चढवतो, गाळे बांधून भाड्याने देतो, वडापची गाडी घेतो नाहीतर मोबाइलचे दुकान टाकतो. वीस वर्षांचा वेल्डर रिचार्ज मारीत बसतो. कोकणातील खाडीकाठच्या गावांत परदेशी पैशाने टोलेजंग घरे उभी राहिली; त्यांतली किती तरी कुलूपबंद असतात आणि गावात मात्र रोजगार देणारा एक कारखाना सापडत नाही. ती वाट कागलने धरू नये.

केरळने १९९६ मध्येच परदेशस्थांसाठी ‘नोर्का’ हा स्वतंत्र विभाग काढला. परतलेल्यांनी धंदा सुरू करावा म्हणून ३० लाख रुपयांपर्यंतच्या प्रकल्पाला १५ टक्के, जास्तीत जास्त ३ लाख रुपये भांडवली अनुदान देणारी योजना तेथे राबविली जाते. महाराष्ट्रात पैसा केरळइतका येतो, तर परतणाऱ्याची तशी विचारपूस येथेही व्हावी, अशी मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे केली पाहिजे. मात्र सरकारची वाट पाहत बसणे हा व्यापाऱ्याचा स्वभाव नव्हे. आपल्या हातात जे आहे ते आधी करू.

करायचे काय?

शेडमालकांना आम्ही चार गोष्टी सुचवितो. पहिली, नेमणूकपत्र, पगारपत्रक, फंड आणि जादा तासांचा दुप्पट दर, एवढे द्यावे. यात उपकार नाही, कायदा आहे. दुसरी, कामगाराच्या हुन्नराचा दाखला करून द्यावा. आधीच्या अनुभवाला मान्यता देऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे. एकट्या शेडला ते जमत नसेल तर दहा शेडनी एकत्र यावे; कागल-हातकणंगलेची ‘मॅक’, गोकुळ शिरगावची ‘गोशिमा’, शिरोलीची ‘स्मॅक’ या उद्योजक संघटनांकडे ही मागणी घेऊन जावे. दाखला दिला तर माणूस पळेल, अशी भीती बाळगू नये. दाखला नसल्यामुळे आजवर कोणी थांबलेले नाही.

तिसरी गोष्ट शिकवणीची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने शिकाऊ उमेदवार घेणे सक्तीचे आहे, आणि चार माणसांच्या शेडलाही ते ऐच्छिक घेता येतात. विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार देते. प्रत्येक उस्तादाच्या हाताखाली दोन मुले रीतसर नोंदवली, तर एक उस्ताद गेल्याने शेड बसणार नाही.

चौथी आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट भागीदारीची. दहा वर्षे इमानाने काम केलेल्या, किंवा परदेशातून अनुभव घेऊन आलेल्या कारागिराला मजुरीऐवजी हिस्सा द्यावा. भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची आणि नफा ठरलेल्या प्रमाणात, हा व्यवहार आपल्या वाचकांना नवा नाही. परतलेल्याकडे तर थोडे भांडवलही असते. त्याने एक मशीन घ्यावे, शेडमालकाने जागा आणि गिऱ्हाईक द्यावे, हिशेब लेखी ठेवावा. सुदाचे कर्ज टाळू पाहणाऱ्यालाही ही वाट मोकळी आहे. ज्याचा हिस्सा आहे तो सहसा शेड सोडून जात नाही.

जाणाऱ्या तरुणांनाही दोन शब्द. परवानाधारक एजंटामार्फतच जावे; त्याचा नोंदणी क्रमांक ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते. त्याहून अधिक मागणारा आणि पावती नाकारणारा एजंट पहिल्याच पायरीला ओळखावा. ‘आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे बदलून देतो’ म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नये. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांना आखातात जाताना प्रवासी भारतीय विमा सक्तीचा आहे; दोन वर्षांचा हप्ता अवघा २७५ रुपये आणि संरक्षण १० लाखांचे. त्याची प्रत घरी ठेवावी. करार समजून घेतल्याशिवाय सही करू नये आणि त्याची एक प्रत भावाकडे किंवा वडिलांकडे द्यावी. वेल्डरने हेही लक्षात ठेवावे की सहा महिने त्या प्रकारचे काम केले नाही तर परीक्षेचा दाखला बाद होतो. म्हणून प्रत्येक कंपनीकडून कामाचे पत्र घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. कमाईतून आधी कर्ज, मग घर, हे ठीकच आहे. पण दर वर्षी थोडी रक्कम परतल्यावर घ्यायच्या हत्यारांसाठी आणि मशीनसाठी बाजूला काढावी. दुसरा मजला भाडे देईल, मशीन मात्र पोरालाही काम देईल.

जाणाऱ्याला अडवू नये, अडवून तो थांबणारही नाही. पण परतण्याची वेळ ठरलेली असते आणि त्या वेळी त्याला आपल्याकडे जागा असली पाहिजे. प्रत्येक शेडमालकाने या महिन्यात एक साधी गोष्ट करावी. गेल्या दहा वर्षांत आपल्याकडून कोण कोण बाहेर गेले, ते आज कोठे आहेत, काय काम करतात आणि केव्हा परतणार आहेत, याची यादी करावी. मग त्यातल्या एकाला फोन लावून विचारावे की, आलास तर आपण मिळून काय करू शकतो?